गोळी आणि नळीचा पीळ



वसंतातल्या या सायंकाळी काव्य, संगीत, इतिहास असे काही रसाळ ऐकावयाचे सोडून आपण बंदुकीच्या नळीविषयी ऐकावयास जमला आहात, याबद्दल मी आपला आभारी आहे. विषय रुक्ष आहे खरा. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती स्वयंभरण रायफल कधी येणार नाही, आणि येण्याचे कारणही नाही. मग हे व्याख्यान कशासाठी? तर एक वस्तू दुसरीशी जुळते की नाही, हे समजुतीने ठरवावयाचे की मोजमापाने, हा प्रश्न या विषयात अगदी उघडा होऊन समोर उभा राहतो. शिवाय येथे उत्तर चुकले तर त्याची किंमत उत्तर देणाऱ्याला पडत नाही. ती कोठेतरी दूर उभ्या असलेल्या माणसाला पडते. आणि जी शस्त्रे आपल्या करातून घेतली जातात, त्यांच्याविषयी नागरिकाने अगदीच अजाण असू नये, असेही मला वाटते.

प्रथम साधी गोष्ट घेऊ. रायफलीची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्या आतल्या अंगाला मळसूत्रासारखे आटे कोरलेले असतात. गोळी या आट्यांत घट्ट रुतून पुढे सरकते आणि सरकता सरकता स्वतःभोवती फिरू लागते. नळीच्या किती लांबीत गोळीचा एक पूर्ण फेरा होतो, त्या मापाला आपण आज 'पीळ' म्हणू. बारा इंचांचा पीळ म्हणजे बारा इंचांत एक फेरा. सात इंचांचा म्हणजे सात इंचांत एक. आकडा जितका लहान तितका पीळ घट्ट, आणि गोळीची फिरकी जास्त. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सारे सोपे आहे.

पण गोळीला फिरवावयाचेच कशाला? बाण कोठे फिरवावा लागतो? बाणाच्या शेपटाला पिसे असतात. बाण जरा तिरपा झाला की हवा त्या पिसांना ढकलते आणि टोक पुन्हा समोर येते. टोकदार गोळीचे नेमके उलटे असते. तिचे वजन मागच्या जाड भागात, आणि हवेचा रेटा मात्र पुढच्या निमुळत्या भागावर. टोक केसभर वर झाले की हवा ते आणखी वर ढकलते आणि गोळी कोलांटी खाते. पिसे लावण्याची सोय नाही. मग उपाय एकच, भोवऱ्याचा. उभा करून ठेवलेला भोवरा क्षणात आडवा पडतो. जाळी गुंडाळून फेकला की तोच आरीवर ताठ उभा राहतो. फिरणारी वस्तू आपला आस सहजासहजी सोडीत नाही. मुलांना आणखीही एक गोष्ट ठाऊक असते. बसका, बुटका भोवरा थोड्या फिरकीवर उभा राहतो. उंच, सडपातळ भोवऱ्याला जबर फिरकी लागते. आजचा सारा विषय या एका वाक्यात आहे. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा.

या शास्त्राच्या जनकाचे नाव बेंजामिन रॉबिन्स. हा इंग्रज गणिती. १७४२ साली त्याने तोफविद्येवर ग्रंथ लिहिला. लाकडाचा जड लंबक टांगून त्यावर गोळी झाडावयाची आणि लंबक किती हलला यावरून गोळीचा वेग काढावयाचा, ही युक्ती त्याची. त्याच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर थोर गणिती ऑयलर याने केले. १७४७ साली रॉबिन्सने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आट्यांच्या नळीवर निबंध वाचला. जे राष्ट्र ही विद्या प्रथम नीट समजून घेईल त्याची सरशी होईल, असा त्याचा अभिप्राय होता. आपल्याला जवळची गोष्ट अशी की हा मनुष्य ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेस, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

रॉबिन्सचे म्हणणे खरे ठरण्यास शंभर वर्षे लागली. १८५३ सालची एन्फील्ड बंदूक आपल्याला इतिहासातून परिचित आहे; तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली काय घडले ते सांगावयास नको. त्या बंदुकीच्या नळीला तीनच आटे होते आणि पीळ फार सैल, ७८ इंचांत एक फेरा. गोळीचे वजन ५३० ग्रेन. ग्रेन हे माप परके वाटेल, पण आपला जुना तोळा इंग्रजांनी बरोबर १८० ग्रेनांचा ठरविला होता. म्हणजे एन्फील्डची गोळी तीन तोळ्यांना किंचित कमी. ती जाड होती, आखूड होती आणि बुडाशी पोकळ होती. म्हणून थोड्या फिरकीवर तिचे भागत असे.

त्याच सुमारास सरकारने मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराला, चांगली नळी कशी असावी ते शोधून काढण्यास सांगितले. व्हिटवर्थ बंदुका करणारा नव्हे; त्याचा व्यवसाय यंत्रे घडविण्याचा, आणि त्याचे वेड अचूक मोजण्याचे. त्याने गोळीचे वजन तेच, ५३० ग्रेन, ठेवले. मात्र नळी ५७७ सहस्रांश इंचांवरून ४५१ सहस्रांशांवर आणली. वजन तेच आणि जाडी कमी, म्हणजे गोळी लांब झाली. लांब गोळीला पीळ घट्ट हवा, म्हणून त्याने वीस इंचांत एक फेरा दिला. १८५७ साली हाइथ येथे झालेल्या परीक्षेत या रायफलीने लांब पल्ल्यावर एन्फील्डला सपशेल मागे टाकले. १८६० साली विम्बल्डन येथील नेमबाजीच्या सामन्यांचा आरंभ व्हिक्टोरिया राणीने केला, तोही व्हिटवर्थची रायफल झाडून.

येथे एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. गोळी लांब आणि जड करावयाचीच कशासाठी? याचे कारण हवा. जाडी तीच ठेवून वजन वाढविले की हवेला भेदावयाचे तोंड तेवढेच राहते, पण मागचा रेटा वाढतो. कागदाचा बोळा आणि तेवढाच दगड एकाच जोराने फेकून पाहा. जड गोळी आपला वेग उशिरा गमावते, आणि आडव्या वाऱ्याने कमी सरकते. शंभर यार्डांवर हा फरक फारसा जाणवत नाही. सहाशे यार्डांवर त्यावरच सारे अवलंबून असते. म्हणून नेमबाज जड गोळीच्या मागे लागतो आणि जड गोळी घट्ट पीळ मागते.

किती घट्ट? याचा पहिला सुटसुटीत हिशोब १८७९ साली वुलिचच्या लष्करी विद्यालयातील गणिताचे अध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी दिला. तो येथे बसल्या बसल्या करता येईल इतका सोपा आहे. गोळीची लांबी तिच्या जाडीच्या किती पट आहे ते काढा. त्या आकड्याने १५० ला भागा. भागाकार येईल तितक्या जाडींच्या अंतरात नळीचा एक फेरा असावा. गोळी आजच्यासारखी फार वेगवान असेल तर १५० च्या जागी १८० घ्यावेत. या सूत्रात गोळीचे वजन कोठेच येत नाही, इकडे आपले लक्ष वेधतो. बाजारात गोळी वजनावर ओळखली जाते, पण नळी लांबी पाहते. जड गोळी लांब असते म्हणून वजनाचा आडाखा बहुधा चालून जातो. मात्र कधीकधी तो फसवतो, आणि कसा फसवतो ते आता सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर रायफली स्वयंभरण झाल्या. गोळी नळीतून जात असताना तिच्या मागच्या वायूचा थोडा भाग एका छिद्रातून घेतात, आणि त्या दाबाने रिकामे काडतूस बाहेर पडून पुढचे आत येते. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुन्हा भरण्याचे श्रम नाहीत. आपल्या सैन्याने इच्छापूरची एस.एल.आर. अनेक वर्षे वापरली, ती याच जातीची. अमेरिकेत यूजीन स्टोनर यांनी १९५० नंतरच्या दशकात एक हलकी रायफल रचली. ती पुढे एम-१६ या नावाने गाजली आणि तिचीच स्वयंभरण बहीण आज तिकडच्या नेमबाजांच्या हाती दिसते. तिची गोळी ५५ ग्रेनची, म्हणजे पावणेचार माशांहूनही थोडी कमी. नळीला पीळ दिला चौदा इंचांचा.

समशीतोष्ण हवेत ही जोडी कशीबशी जुळत होती. पुढे अमेरिकन वायुदलाने कडाक्याच्या थंडीत परीक्षा घेतली तेव्हा गोळ्या डळमळू लागल्या. रायफल तीच आणि गोळीही तीच. बदलली होती हवा. उणे ५४ अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीची हवा आपल्या नेहमीच्या हवेहून सुमारे तीस टक्के दाट होते. दाट हवा टोकाला अधिक जोराने ढकलते आणि चौदा इंचांच्या पिळाची फिरकी अपुरी पडते. १९६३ साली पीळ बारा इंचांवर आणला. आपल्या लडाखात थंडी आहे, पण लेहसारखे गाव साडेतीन हजार मीटर उंच असल्याने हवा विरळ आहे. तेथे हा त्रास उलट कमी होतो. खरी कसोटी पाहावयाची तर ध्रुवाजवळ, समुद्राच्या पातळीवर जावे लागते.

कोणी म्हणेल, फिरकी कमी पडते तर दारू वाढवा, गोळी वेगाने जाईल आणि वेगाने फिरेल. तर्क वरवर बरोबर दिसतो. परंतु वेग वाढला की टोकाला ढकलणारा हवेचा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने जाते. म्हणून नळीच्या पिळाची उणीव दारूने भरून निघत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. येथे पीळ नसेल तर कितीही जाळले तरी तो येत नाही.

आता वजनाचा आडाखा कसा फसला ते पाहा. १९८० साली नाटो राष्ट्रांनी बेल्जियममध्ये तयार झालेली ६२ ग्रेनची गोळी प्रमाण मानली. तिच्या टोकात पोलादाचा तुकडा असतो. तिच्या जोडीला जळत जाऊन मार्ग दाखविणारी ट्रेसर गोळी आली. तिचे वजन ६४ ग्रेन, म्हणजे जवळजवळ तेवढेच. मग दोघींना एकच पीळ पुरावा! पण हिशोब करू. तिन्ही गोळ्यांची जाडी ५.७ मिलिमीटर. जुनी ५५ ग्रेनची गोळी सुमारे १९ मिलिमीटर लांब, म्हणजे जाडीच्या सव्वातीन पटींहून किंचित अधिक. ग्रीनहिलच्या नियमाने तिला सुमारे बारा इंच पीळ येतो. ६२ ग्रेनची सुमारे २३ मिलिमीटर, म्हणजे चौपट. तिला दहा इंच. आणि ट्रेसर सुमारे २९ मिलिमीटर, पाच पटींहून अधिक. तिला आठ इंचांच्याही आत. ट्रेसरच्या पोटात शिशाऐवजी हलकी जळती भुकटी असल्याने वजन न वाढता लांबी वाढली. शिवाय हा नियम शिसे भरलेल्या गोळीसाठी आहे. आत पोलाद किंवा भुकटी असेल तर पीळ आणखी घट्ट लागतो. ६२ ग्रेनच्या गोळीला नऊ इंचांचा पीळ पुरला असता. तरी एम-१६ च्या नव्या आवृत्तीत नळीचा पीळ सात इंच ठेवावा लागला, तो या ट्रेसरमुळे. त्या नळीतून सुटणारी गोळी सेकंदाला पाच हजारांहून अधिक फेरे घेते.

यातला धोका नीट समजून घ्यावा. नव्या गोळीचे काडतूस आणि जुन्या गोळीचे काडतूस बाहेरून एकाच मापाचे. जुन्या, बारा इंचांच्या नळीत नवे काडतूस बिनतक्रार बसते. चाप ओढला की बंदूक उडते, पुढचे काडतूस आत येते. झाडणाऱ्याला काहीच बिघडलेले दिसत नाही. फक्त गोळी जावयाची तेथे जात नाही. कागदी निशाणावर वाटोळ्या भोकाऐवजी कुलपाच्या छिद्रासारखे लांबट भोक पडले, म्हणजे गोळी आडवी होऊन आदळली असे जाणावे. निशाणाच्या मागे मातीचा बांध घातलेला असतो तो सरळ जाणाऱ्या गोळीसाठी. भरकटलेली गोळी बांध पाहत नाही. मागे शेत असेल, वाट असेल, वाटेने जाणारे कोणी असेल. यंत्र बंद पडले तर माणूस सावध होतो. जे यंत्र चालू राहून चुकते, ते अधिक भयंकर.

उलट प्रकारही घडतो. अमेरिकेची १९३६ सालची गॅरँड रायफल घ्या. तिच्या नळीला दहा इंचांचा पीळ मिळाला तो वारशाने. १९०३ सालच्या रायफलीतील २२० ग्रेनच्या लांब गोळीसाठी तो ठरला होता. म्हणजे नळी कितीही जड गोळी फिरविण्यास तयार. पण जड गोळीमागे सावकाश जळणारी दारू घातली, तर गोळी नळीच्या तोंडाशी पोहोचली तरी मागे दाब शिल्लक असतो. वायूचे छिद्र तेथेच, तोंडाजवळ. त्या जादा दाबाने यंत्रणा मागे रेटणारा लांब दांडा वाकतो. एम-१६ मध्ये यंत्रणा राजी आणि नळी नाराज. येथे नळी राजी आणि यंत्रणा नाराज. स्वयंभरण बंदुकीत गोळीची सोयरीक केवळ नळीशी नसते, साऱ्या घराशी असते.

त्या घरात काडतुसांची पेटीही आली. हलक्या एम-१६ जातीच्या रायफलींच्या पेटीत सुमारे ५७ मिलिमीटरपर्यंत लांबीचे काडतूस मावते. ७७ ग्रेनची, म्हणजे पाच माशांहून किंचित जड गोळी त्यात बसविता येते आणि आठ किंवा सात इंचांच्या पिळातून ती उत्तम जाते. ८० ग्रेनची स्पर्धेची गोळी इतकी लांब की काडतूस पेटीत मावतच नाही. म्हणून तिकडच्या सामन्यांत सहाशे यार्डांवर नेमबाज ते काडतूस एकेक करून हाताने भरतात. म्हणजे स्वयंभरण बंदूक घेऊन पुन्हा आजोबांच्या पद्धतीवर येतात! उलट नऊ इंचांचा पीळ असेल तर शहाणा नेमबाज ६९ ग्रेनच्या आसपास थांबतो.

मग साऱ्याच नळ्यांना सर्वांत घट्ट पीळ देऊन मोकळे का होऊ नये? कोणतीही गोळी निर्दोष नसते. तिचा गुरुत्वमध्य आसापासून केसाच्या अंशाएवढा तरी बाजूला असतो. जितकी फिरकी जास्त, तितका हा दोष नळी सुटताक्षणी गोळीला अधिक बाजूला फेकतो. पातळ तांब्याच्या कवचाची हलकी गोळी तर अति फिरकीने हवेतच फुटू शकते. म्हणून पीळ गरजेपेक्षा थोडा अधिक असावा, फार अधिक नको. गोळी जेमतेम उभी राहील एवढ्या स्थैर्याला एक मानले, तर जाणकार दीडाच्या आसपास राहतात. २००५ साली डॉन मिलर यांनी ग्रीनहिलचा नियम सुधारून त्यात वजन, हवेचे तापमान आणि दाब यांचा हिशोब आणला. आज नेमबाज बहुधा तोच वापरतात.

आपल्या महाराष्ट्राचाही या हिशोबाशी संबंध आहे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. इन्सास रायफलीची रचना झाली ती पुण्याच्या पाषाण येथील संशोधन संस्थेत. २०१० साली म्यूनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी सुवर्णपदक मिळविले, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविले, ते दोन्ही पन्नास मीटर रायफलीत. ती बंदूक स्वयंभरण नव्हे; तिची गोळी चाळीस ग्रेनची, आखूड आणि मंद, म्हणून अशा नळीचा रूढ पीळ सोळा इंचांचा. नियम मात्र तोच.

शेवटी एका समजुतीविषयी बोलतो, कारण ती अजून पुसली गेलेली नाही. एम-१६ ची गोळी सैल पिळामुळे हवेतच कोलांट्या खात जाते आणि म्हणून भयंकर जखम करते, असे व्हिएतनामच्या युद्धापासून सांगितले जाई. हवेत कोलांट्या खाणारी गोळी निशाणाला लागणारच नाही, एवढा विचार केला तरी समजूत गळून पडते. गोळी हवेत सरळच जाते. शरीर हवेच्या सुमारे आठशे पट दाट. तेथे कोणताही व्यवहार्य पीळ टोकदार गोळीला सरळ ठेवू शकत नाही. ती आत उलटते आणि जोर अधिक असेल तर फुटते, हे अमेरिकन लष्करातील शल्यविशारद मार्टिन फॅकलर यांनी १९८० नंतरच्या दशकात प्रयोगाने दाखवून दिले. हा प्रश्न केवळ नेमबाजांचा नाही. कलकत्त्याजवळच्या डमडम येथे तयार झालेल्या पसरणाऱ्या गोळ्यांवरून १८९९ साली हेग येथे राष्ट्रांनी तशा गोळ्यांना बंदी करणारा जाहीरनामा काढला. १९७९ साली संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने लहान व्यासाच्या शस्त्रांच्या जखमांविषयी अधिक संशोधन करण्याचे आवाहन केले. मर्यादा कोठे घालावयाची, हे माणुसकी ठरवील. पण गोळी प्रत्यक्ष काय करते हे ठाऊक नसेल, तर माणुसकीलाही नेमके कशावर बोट ठेवावे ते कळणार नाही.

व्हिटवर्थने मोजले, ग्रीनहिलने गणित केले, आणि ज्यांनी गृहीत धरले त्यांना ध्रुवाच्या थंडीने शिकविले. काडतूस नळीत बसले, एवढ्यावरून ते जुळले असे होत नाही. हे आपल्या ध्यानात राहिले तर या सायंकाळचे सार्थक झाले, असे मी मानीन.